देठ नसलेला आंबा: एका खोक्याच्या फाइलचं प्रकरण

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापूरहून नमुन्याचा खोका आला. एसटीच्या पार्सलनं, फोंडाघाट उतरून, संध्याकाळी साडेसहाला कणकवली स्टँडवर. एक डझन हापूस बसेल असा पुठ्ठ्याचा, थ्री प्लाय, झाकण ३६ बाय २७ सेंटिमीटर. ज्यांचा माल त्यातून जायचा ते तात्या देवगडहून मुद्दाम आले होते. काउंटरवर खोका ठेवून सुतळी सोडली. तात्यांनी मिनिटभर काही न बोलता झाकणाकडे बघितलं आणि मग तीन गोष्टी सांगितल्या.

"चित्र बारीक झाला. नाव मधी मधी कापल्यासारख्या दिसता. आणि आंब्याक देठ खय?"

तिन्ही खऱ्या होत्या. झाकणाच्या मधोमध चित्र आक्रसून बसलं होतं, चारही बाजूंना रिकामा पुठ्ठा. 'देवगड हापूस' या अक्षरांच्या शिरोरेषेत जिथं अक्षराला अक्षर भिडतं तिथं केसाएवढी फट पडली होती. आणि आंब्याला देठ नव्हता. हापूस देठासकट उतरवतात, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, बागायतदारांनी उचलला तो त्यासाठीच, त्यात देठ कापला जातो, ओढला जात नाही. तात्यांच्या खोक्यावर बिनदेठाचा आंबा म्हणजे झाडाखालून वेचलेला आंबा.

ही फाइल माझ्या हातून गेली होती. मी २२ वर्षं कणकवलीत डीटीपीचं काम करतोय. लग्नपत्रिका, बिलबुकं, दशावताराची पोस्टरं, हॉटेलांची मेनूकार्डं. चुका झाल्या नाहीत असं नाही, पण एका फाइलमध्ये तीन चुका, तीन वेगवेगळ्या कारणांनी, आणि तीन माणसांनी डोळ्यांनी तपासूनही सुटलेल्या, असं पहिल्यांदाच झालं. म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवतोय. आपल्याकडे काम एका ठिकाणी आखलं जातं, दुसरीकडे जुळवलं जातं, तिसरीकडे छापलं जातं, आणि प्रत्येक ठिकाणी सॉफ्टवेअर वेगळं. तीच अडचण उद्या दुसऱ्या कोणाला येणार आहे.

कोणाकडे काय होतं

डिझाइन तात्यांच्या मुलीनं केलं. ती पुण्यात असते, शिकलेली डिझायनर आहे, मॅकवर इलस्ट्रेटर या चित्र आखायच्या सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती वापरते. त्याच कामाची माझी दोन सॉफ्टवेअर: दुकानात विंडोजवर कोरल ड्रॉ एक्स एट, म्हणजे २०१६ सालचं, आणि घरच्या लॅपटॉपवर इंकस्केप, जे फुकट मिळतं. कोल्हापूरच्या खोक्यांच्या कारखान्यात कोरल एक्स थ्री, २००६ सालचं. त्यांचं काम त्यात चालतं, मशिनं त्याला जोडलेली आहेत, बदलायचं त्यांना कारण नाही. त्यात त्यांची काही चूक आहे असं मला वाटत नाही.

इलस्ट्रेटर १९८७ मध्ये आलं, कोरल ड्रॉ १९८९ मध्ये. दोन्ही घरं वेगळी, दोघांनी आपापली फाइल आपल्या सोयीनं बांधली. वक्ररेषा कशी साठवायची यावर त्यांचं फारसं भांडण नाही. बिंदू आणि त्याचे दोन हात, गणित तेच. भांडण आहे ते त्या रेषेच्या भोवतीच्या गोष्टींवर: माप कशात मोजायचं, दोन आकार एकमेकांवर आले तर काय समजायचं, रंग म्हणजे पडद्यावरचा उजेड की छापायची शाई, अक्षर म्हणजे मजकूर की चित्र. आमच्या तिन्ही चुका याच भोवतीच्या गोष्टींतल्या होत्या.

कोरं पान

पहिली फाइल आली ती डॉट एआय, इलस्ट्रेटरची स्वतःची. कोरलनं ती उघडली नाही. लॅपटॉपवर उघडली तर पानभर एकच इंग्रजी वाक्य पुन्हा पुन्हा छापलेलं: ही इलस्ट्रेटरची फाइल पीडीएफ मजकुराशिवाय जतन केली आहे.

हे वाक्य बघून पुष्कळ लोक फाइल खराब झाली असं समजतात. ती खराब नसते. २००० साली आलेल्या इलस्ट्रेटर ९ पासून एआय फाइलच्या पोटात दोन प्रती असू शकतात, एक इलस्ट्रेटरची स्वतःची आणि एक पीडीएफ. बाकीचे प्रोग्रॅम वाचतात ती पीडीएफची प्रत. जतन करताना 'पीडीएफ कंपॅटिबल फाइल' या चौकटीतली खूण काढली की फाइल हलकी होते, पण बाहेरच्याला वाचायला काही उरत नाही. मुलीनं ती खूण फाइलचं वजन कमी व्हावं म्हणून काढली होती. फोन केल्यावर लगेच समजली.

इथं तिनं नवी पीडीएफ पाठवली असती तर पुढचं निम्मं टळलं असतं. पण मी तिला म्हटलं, "बाय, एसव्हीजी करून पाठव, ती सगळीकडे उघडता." हे मी अनुभवानं म्हणालो होतो आणि ते खरंही आहे. एसव्हीजी हा रेषांच्या चित्रांच्या फाइलचा प्रकार २००१ पासून वेबचं मान्य प्रमाण आहे, जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम ती उघडतो. पण ती पडद्यासाठी बनलेली आहे. शाई, प्लेट, पुठ्ठा हे तिच्या जगात नाही. ती उघडते याचा अर्थ त्यात सगळं आलं असा होत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

सत्तावीस

त्या रात्री दुकानात वीज नव्हती. फाइल मी घरी लॅपटॉपवर इंकस्केपमध्ये उघडली, छान दिसली, पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर घेतली आणि सकाळी कोरलमध्ये आणली. झाकण आणि चारही बाजूंच्या पट्ट्या मी एकाच मोठ्या पानावर मांडत होतो. झाकणाच्या कडेला चौकट नव्हती, नुसतं चित्र आणि नाव. त्यामुळे ते लहान झालंय हे नजरेला कळायला आधारच नव्हता.

लहान किती झालं होतं? नेमकं पाऊणपट. छपाईच्या जगात इंच म्हणजे ७२ पॉइंट. पोस्टस्क्रिप्ट या छपाईयंत्राला पान समजावणाऱ्या भाषेनं १९८० च्या दशकात ते पक्कं केलं आणि इलस्ट्रेटर त्याच घरातलं. तो एसव्हीजी लिहितो तेव्हा एका पॉइंटला एक पिक्सेल धरतो. वेबवर मात्र इंच म्हणजे ९६ पिक्सेल. इंकस्केप आवृत्ती ०.९२ पासून, म्हणजे २०१७ पासून, वेबचा हिशेब पाळतं. त्याआधी ते इंचाला ९० पिक्सेल धरायचं, त्यामुळे जुन्या इंकस्केप फाइलींचा तिसराच हिशेब. मुलीचं झाकण ३६० मिलिमीटर लांब, म्हणजे सुमारे १०२० पॉइंट. एसव्हीजीत गेले १०२० पिक्सेल. इंकस्केपनं त्यांना ९६ नं भागलं, साडेदहा इंचांच्या वर थोडं, म्हणजे २७० मिलिमीटर. बहात्तर भागिले शहाण्णव, पाऊण.

आणि इथं एक दुर्दैवी योगायोग आला. कारखान्यातल्या ऑपरेटरनं फाइल मिळाल्यावर फोन करून विचारलं, "चित्र सत्तावीस येतंय. सत्तावीसच ना?" मी दुसरं काम करत होतो. झाकण ३६ बाय २७, सत्तावीस हा आकडा माझ्या डोक्यात होताच. "होय, सत्तावीस," म्हटलं. तो लांबी विचारत होता, मी रुंदी सांगत होतो. छत्तीसचे सत्तावीस झाले होते आणि सत्तावीस हे झाकणाचं खरं मापही होतं. पुठ्ठा कापायची डाय कारखान्याचीच, त्यामुळे खोका बरोबर मापाचा कापला गेला आणि त्यावर पाऊणपट चित्र बसलं.

माप विचारताना एक आकडा पुरत नाही. लांबी आणि रुंदी दोन्ही, आणि कुठली कुठली ते शब्दात. त्या फोनवर आम्ही दोघांनी मिळून वीस सेकंद वाचवले.

जी चूक पकडली गेली

छपाईआधी एक गोष्ट ऑपरेटरनंच पकडली, ती इथं सांगायला हवी. बाजूच्या पट्टीवर 'नैसर्गिकरीत्या पिकवलेला, जिल्हा सिंधुदुर्ग' अशी ओळ मी माझ्या कोरलमध्ये युनिकोडमध्ये टाइप केली होती. फाइल त्यांच्यासाठी आवृत्ती १३ मध्ये, म्हणजे एक्स थ्रीसाठी जतन केली. त्यानं व्हॉट्सॲपवर पडद्याचा फोटो पाठवला: स च्या पुढे सुटी वेलांटी, गोलात ठिपके, रफार ग वर जायचा सोडून पाय मोडलेला र म्हणून आधी उभा. सिंधुदुर्ग ओळखू येत नव्हतं.

देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते, लिहिताना आधी. रफार उच्चारात आधी, लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. युनिकोड उच्चाराचा क्रम साठवतं आणि तो पडद्यावर मांडायचं काम सॉफ्टवेअरवर सोडतं. कोरलला ही मांडणी नीट जमायला लागली एक्स सिक्सपासून, २०१२ साली. त्याआधीची आवृत्ती अक्षरं साठवलेल्या क्रमानंच ठेवून मोकळी होते. इलस्ट्रेटरमध्येही सेटिंगमध्ये इंडिक ऑप्शन्स चालू करून दक्षिण आशियाई कंपोझर निवडला नाही तर हेच होतं, पुण्यातल्या नव्याकोऱ्या मॅकवरसुद्धा.

ऑपरेटर म्हणाला, "मी इथंच श्री-लिपीत टाइप करून टाकतो की." जुनी पद्धत ती. श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव या जुन्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. आतून मजकूर इंग्रजी, वरून चेहरा मराठी. म्हणून ते जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कधी मोडत नाहीत, आणि म्हणूनच फाँट नसलेल्या मशीनवर त्याच ओळीची निरर्थक इंग्रजी अक्षरं होतात. महाराष्ट्रातल्या छापखान्यांनी अर्धा जन्म या फाँटांवर काढला आहे आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण खोक्यावर झाकणाला एक अक्षर आणि बाजूला दुसरं नको होतं. मी ती ओळ कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, पुन्हा पाठवली आणि तो प्रश्न तिथंच मिटला.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते यानं. मोडकं सिंधुदुर्ग कोणाही मराठी माणसाला लांबून दिसतं, म्हणून ते पकडलं गेलं. पाऊणपट चित्र, केसाएवढी फट, गायब देठ, हे सगळं पडद्यावर सुंदरच दिसत होतं. आमचा तिघांचाही भरवसा डोळ्यांवर होता, आणि या चुका डोळ्यांना दिसणाऱ्या नव्हत्याच.

शिरोरेषा

आता फटीबद्दल. हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण तो आपल्या लिपीचा खास आहे आणि इंग्रजीत काम करणाऱ्याला तो कधी भेटतच नाही.

'कर्व्ह करून पाठव' हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य असेल. कोरलमध्ये कंट्रोल क्यू, इलस्ट्रेटरमध्ये क्रिएट आउटलाइन्स, इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ. अक्षर मजकूर राहत नाही, आकार होतं, मग समोरच्याकडे फाँट असो नसो. सिंधुदुर्गचा प्रश्न यानंच सुटला. मुलीनंही झाकणावरचं नाव असंच कर्व्ह करून पाठवलं होतं.

पण देवनागरीत सुटं अक्षर सुटं नसतं. छापलेल्या पानावर शिरोरेषा अखंड दिसते, फाँटमध्ये मात्र प्रत्येक अक्षराची रेषा वेगळी असते. ती सलग दिसावी म्हणून फाँट बनवणारे प्रत्येक अक्षराची रेषा थोडी लांब ठेवतात, शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली. ती न चढवता नुसती टेकवली तर छपाईत दोन रेषांच्या मध्ये बारीक पांढरी चीर दिसते. म्हणजे 'हापूस' मध्ये ह आणि काना, काना आणि पू, पू आणि स असे तीन जोड, आणि प्रत्येक जोडापाशी शाईवर शाई चढलेली. मजकूर आहे तोवर हे कोणाला कळतही नाही.

मला स्टिरिओसाठी, म्हणजे छपाईच्या प्लेटांसाठी, प्रत्येक रंगाचा एक आकार हवा होता, मोजायला सोपा, चुकून एखादं अक्षर हलायला नको. म्हणून मी नावाची सगळी अक्षरं निवडली आणि कम्बाइन केली. कंट्रोल एल, रोजची सवय. कम्बाइन केलं की कोरल सगळ्या आकारांना एकच आकार समजतो आणि मग नियम लावतो: जी जागा एकदा झाकली गेली ती भरलेली, जी दोनदा झाकली गेली ती रिकामी. हा नियम असायला कारण आहे. त्यामुळेच व चं पोट पोकळ राहतं आणि इंग्रजी ओ च्या मध्ये भोक दिसतं. पण शिरोरेषेच्या जोडापाशी जागा दोनदा झाकलेली होती, आणि तिथं भोक पडलं. हापूसमध्ये तीन फटी, देवगडमध्ये द-व, व-ग, ग-ड अशा तीन.

दुसरा नियमही आहे. पोस्टस्क्रिप्टपासून दोन्ही चालत आले आहेत. दुसऱ्यात रेषा कुठल्या दिशेनं फिरते ते बघतात, आणि दोन्ही आकार एकाच दिशेनं फिरत असतील तर चढलेली जागा भरलेलीच राहते. एसव्हीजी काही वेगळं सांगितलं नाही तर हाच दुसरा नियम लावते. इंकस्केपमध्ये फिलच्या पॅनलवर दोन छोटी चित्रं असतात, त्यातून यापैकी एक निवडता येतो. म्हणजे तोच आकार, तेच बिंदू, एका प्रोग्रॅममध्ये शिरोरेषा अखंड आणि दुसऱ्यात तुटलेली. कोणाची फाइल चुकीची म्हणणार?

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे: वेल्ड. इलस्ट्रेटरमध्ये त्याला युनाइट म्हणतात, इंकस्केपमध्ये युनियन. कम्बाइनमध्ये आकार एका पिशवीत भरले जातात, वेल्डमध्ये ते वितळून एक होतात. चढलेला भाग राहतच नाही, 'हापूस' ला एकच बाह्यरेषा येते. दुकानांच्या पाट्यांसाठी व्हिनाइल कापणाऱ्यांना हे माहीत असतं, कारण वेल्ड केलं नाही तर प्लॉटरचं पातं प्रत्येक जोडापाशी शिरोरेषा आडवी कापत जातं आणि पट्टी उचलताना अक्षरं सुटी होऊन हातात येतात. मला माहीत असूनही कागदावरच्या छपाईत कधी नडलं नव्हतं, कारण तिथं अक्षरं लहान आणि मी ती गटातच ठेवायचो, कम्बाइन करायचो नाही. खोक्यावरची अक्षरं मोठी होती, पुठ्ठ्यावर रबरासारखी मऊ प्लेट दाबून छापतात, तरी तात्यांना फट दिसली.

मुलीला फोन करून हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काका, माझ्या स्क्रीनवर बरोबर दिसता." मी म्हटलं, "माका पण बरोबरच दिसता गो. शंभर टक्क्यांवर बघतंय तवसर." मग दोघांनी नाव आठपट मोठं करून बघितलं. तिच्याकडे चढलेले जोड, माझ्याकडे भोकं. दोघंही काही वेळ गप्प होतो.

देठ

याचं कारण त्यामानानं सोपं. खोका दोन रंगांत छापायचा होता, आंब्याचा केशरी आणि पानांचा हिरवा. प्रत्येक रंगाची एक वेगळी पॉलिमरची प्लेट, कारखान्याच्या भाषेत स्टिरिओ. चार रंगांची फोटोसारखी छपाई तपकिरी पुठ्ठ्यावर या पद्धतीत सहसा कोणी करत नाही. म्हणजे फाइलमधला प्रत्येक आकार या दोनपैकी एका शाईचा असायला हवा.

एसव्हीजीतले रंग पडद्याचे असतात, लाल-हिरवा-निळा उजेड. मुलीनं मूळ फाइलमध्ये दोन शाया व्यवस्थित नेमल्या होत्या, ती नेमणूक एसव्हीजी करताना गळली. आंब्यावर तिनं ग्रेडियंट मेशनं सुरेख छटा दिल्या होत्या, त्याचं तर एसव्हीजीत सरळ फोटोसारखं बिटमॅप झालं. तो आंबा आम्ही तिच्या संमतीनं साध्या सपाट रंगात पुन्हा काढला होता. मग मी कोरलमध्ये सगळे केशरी आकार शोधून केशरी शाईत आणि सगळे हिरवे हिरव्या शाईत टाकले. देठ गडद तपकिरी होता. तो कुठल्याच शोधात आला नाही, उजेडाच्या रंगातच राहिला. रंग वेगळे करताना तो चार शायांच्या प्लेटांवर विभागला गेला आणि त्या चार प्लेटा कोणी काढल्याच नाहीत, काढायच्याच नव्हत्या. पडद्यावर देठ जागेवर होता.

कारखान्याला फाइल पाठवण्याआधी मी कोरलमध्ये सेपरेशनचं प्रिव्ह्यू उघडून एकेक प्लेट वेगळी बघितली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. आता बघतो.

दुरुस्ती

तात्या म्हणाले, "आंबो कोणाची वाट बघना नाय." पहिली काढणी आठवड्यावर आली होती. झाकणाचे दोन्ही स्टिरिओ नव्यानं करायचे होते, बाजूंचे चालणार होते. खर्च तिघांनी वाटून घेतला, तात्यांना त्यात घेतलं नाही.

मला वाटलं होतं, पाऊणपट झालंय तर कोरलमध्ये १३३.३३ टक्के मोठं करून टाकू. करून बघितलं आणि चौथी अडचण उभी राहिली: पानांच्या शिरा. त्या भरलेले आकार नव्हत्या, जाडी दिलेल्या नुसत्या रेषा होत्या. कोरलमध्ये रेषेच्या सेटिंगमध्ये 'स्केल विथ ऑब्जेक्ट' ही खूण नसेल तर आकार मोठा होतो, रेषा आहे तेवढीच राहते. पान तिसऱ्या हिश्श्यानं वाढलं, शिरा होत्या तशाच बारीक. पुठ्ठ्यावर त्या उठल्याच नसत्या. इलस्ट्रेटरमध्ये हीच खूण वेगळ्या नावानं सेटिंगमध्ये असते, आणि दोन माणसांच्या खुणा सारख्या असतील याची काही खात्री नाही.

तेव्हा थिगळं लावायचं सोडलं. मुलीला म्हटलं, मूळ फाइलवरूनच पुन्हा करूया. तिनं त्या रात्री बसून केलं. अक्षरं कर्व्ह, मग युनाइट. शिरांच्या रेषांचे आउटलाइन स्ट्रोकनं आकार केले, म्हणजे जाडीचा प्रश्नच संपला. देठ हिरव्या शाईत घेतला. दोन शाया सोडून बाकी सगळे रंग पॅलेटमधूनच पुसले. आणि एसव्हीजी नाही, पीडीएफ. पीडीएफ १९९३ पासून आहे, २००८ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, ती मिलिमीटर पाळते आणि नेमलेली शाई त्याच नावानं पुढे नेते. चित्राच्या बाहेर, छापलं न जाणाऱ्या भागात, तिनं मी सांगितल्याप्रमाणे शंभर मिलिमीटरचा एक चौकोन ठेवला.

तो चौकोन मला फार उपयोगी वाटतो. फाइल कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उघडा, कोणत्याही आवृत्तीत, आधी चौकोन निवडा आणि माप बघा. १०० आलं तर पुढे जा. ७५ आलं तर फाइल एसव्हीजीच्या रस्त्यानं गेली आहे. ८० आलं तर वाटेत कोणाकडे जुनं इंकस्केप आहे. ऑपरेटरला मी फोनवर झाकणाचं माप विचारलंच नाही, चौकोनाचं विचारलं. "शंभर बाय शंभर," तो म्हणाला, आणि मग आपणहून, "झाकण लांबीला छत्तीस, रुंदीला सत्तावीस."

त्याच्या एक्स थ्रीसाठी मी पीडीएफ कोरलमध्ये आणून आवृत्ती १३ ची फाइल केली. आत मजकूर एकही नाही, सगळे आकार. सोबत बघायला पीडीएफ, आणि फोनवर उघडेल असं साधं चित्र, ज्यात प्रत्येक शाईचं पान वेगळं. ऑपरेटरनं तिन्ही समोर ठेवून तपासलं.

नवा नमुना सहा दिवसांनी आला. तोवर तात्यांची पहिली पन्नास डझन काढणी साध्या कोऱ्या खोक्यांतून वाशीला गेली होती, वरती हातानं नाव लिहून. नवा खोका त्यांनी काउंटरवर उजेडाकडे वळवला आणि 'देवगड' च्या रेषेवरून द पासून ड पर्यंत अंगठा फिरवला. मग देठ बघितला. "आता बरा," म्हणाले, आणि उरलेल्या खोक्यांची ऑर्डर सांगितली.

एप्रिलच्या मध्यावर त्यांचा फोन आला. बाजूच्या पट्टीवरचा मोबाइल नंबर बंद झाला होता, पुढच्या खोक्यांवर नवा हवा होता. छपाईच्या फाइलमध्ये तो नंबर आता दहा आकार होता, त्यात आकडा बदलता येत नाही. पण त्या वेळी मी प्रत्येक कामाच्या दोन फाइली ठेवायला लागलो होतो, एक टाइप केलेल्या मजकुराची, नावापुढे 'चालू' लिहिलेली, आणि दुसरी 'छपाई'. चालू फाइल उघडली, नंबर बदलला, कर्व्ह, वेल्ड, हिरवी शाई, चौकोन मोजला, शंभर. दुपारच्या आत कोल्हापूरला गेली.